भुतांवर हसू द्या की पोरांना

आमच्या गावच्या वाचनालयाच्या बालविभागाला मी मागच्या महिन्यात एका जपानी मंगाचे, म्हणजे तिकडच्या चित्रकथेचे, पहिले तीन खंड दिले आणि ते अजून शेल्फवर गेलेले नाहीत. कमिटीतल्या एका काकांनी पानं चाळली, त्यांना भुतं दिसली, आणि ते म्हणाले की आपण दरवर्षी अंधश्रद्धेवर व्याख्यान ठेवतो आणि आता पोरांच्या हातात आपणच भुताखेताचं द्यायचं का. दुसऱ्या एक बाई आहेत, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं त्यांनी, त्यांचा भुतांना विरोध नाही, त्यांचा प्रश्न असा की यात वाचण्यासारखं आहे काय, नुसता टाईमपास आहे, पोरांना टाईमपास करायला मोबाईल आहेच की. दोघांनाही मी लहानपणापासून ओळखते, दोघांचीही तळमळ खरी आहे, म्हणून तिथे मीटिंगमध्ये दोन वाक्यांत जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितेय.

मंगाचं नाव 'क्योकाई नो रिन्ने', इंग्रजीत नुसतं 'रिन-ने' म्हणून येतं. रुमिको ताकाहाशी यांचं आहे. २००९ ते २०१७ अशी आठ वर्षं 'शोनेन संडे' साप्ताहिकात चाललं, ४० खंड झाले, २०१५ पासून त्यावर अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, पण आलं. ताकाहाशीबाईंचा जन्म १९५७ चा, निगाता भागातला, १९७८ पासून त्या सलग काढतायत आणि २०१९ ला फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात त्यांना ग्रां प्री मिळाला, म्हणजे त्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान म्हणा. हे कमिटीतल्या बाईंसाठी सांगितलं, पण माझा मुद्दा पुरस्कारावर उभा नाहीये, पुस्तकावरच बोलते.

गोष्टीत साकुरा मामिया नावाची शाळकरी मुलगी आहे, ती लहानपणी आजोळच्या डोंगरात हरवली होती आणि परत आली तेव्हापासून तिला भुतं दिसतात. वर्गात तिच्या शेजारचा बाक रिकामाच असतो, कारण त्या बाकावरचा मुलगा वर्ग सुरू झाल्यापासून आलेलाच नाही. तो मुलगा म्हणजे रोकुदो रिन्ने. हा शिनिगामी आहे, म्हणजे आपल्याकडच्या यमदूताच्या जवळपासचं काम, जे जीव अडकून पडलेत त्यांना पुढच्या जन्माच्या चाकापर्यंत पोचवायचं. तो हाओरी घालून फिरतो, हाओरी म्हणजे जपानी पद्धतीचा अंगरखा, आणि तो यमलोकातला हाओरी अंगात असला की तो कुणाला दिसत नाही, साकुराला मात्र दिसतो.

आता ती पेटी सांगते, कारण मला या मंगाचा लळा लागला तो त्या पेटीपासून. शाळेच्या मागच्या बाजूला गवतात एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे, चार पायांवर, चारी बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरक्या पट्ट्या. जपानी शाळांमध्ये अशी पेटी असायची, आत तापमापक ठेवून पोरं हवामानाच्या नोंदी करायची. गोष्टीतली ही पेटी आता कुणी वापरत नाही. तर शाळेत अशी बोलवा आहे की तुम्हाला भुताचा त्रास असेल तर त्या पेटीत चिठ्ठी ठेवा आणि सोबत थोडा नैवेद्य ठेवा, काम होतं. आणि खरंच होतं, कारण रिन्ने रोज येऊन ती पेटी उघडतो. चिठ्ठी वाचतोच, पण नैवेद्यात खायला काय आहे, सुटे पैसे आहेत का, हेही बघतो, कारण त्याच्या जेवणाचा प्रश्न त्यावर असतो. आमच्याकडे सिंधुदुर्गात देवचाराला रोट ठेवतात, विडी ठेवतात, रात्री तो शिवेवरून फिरतो आणि गावाची राखण करतो असं मानतात, आणि माझी आजी रोट ठेवताना अशा आवाजात बोलायची की जणू रात्रपाळीच्या माणसाला डबा देतेय. मी ती पेटी बघितली आणि मला आजीचा तो आवाज आठवला. जपानमधली शाळा, मी बघितलेली पण नाही, तरी ओळखीची वाटली.

नावं पण बघा. 'रिन्ने' या जपानी शब्दाचा अर्थ जन्ममरणाचं चक्र, आपण ज्याला संसारचक्र म्हणतो तेच, आणि ही कल्पना बौद्ध धर्मासोबत इथूनच चीनमार्गे तिकडे गेली. 'रोकुदो' म्हणजे सहा वाटा, मेल्यावर जीव ज्या सहा गतींपैकी एकीला जातो त्या, देव, माणूस, असुर, पशू, प्रेत आणि नरक. म्हणजे पोराचं आडनाव आणि नाव मिळून अख्खं तत्त्वज्ञान, आणि अंगात कपडे कुठले तर जुना ट्रॅकसूट. त्याच्याबरोबर एक काळं मांजर असतं, त्याचं नाव रोकुमोन, म्हणजे सहा मोन, सहा नाणी. जपानमध्ये पूर्वी मेलेल्या माणसाबरोबर सहा नाणी ठेवायचे, सान्झू नदी ओलांडायचं भाडं म्हणून. आपली वैतरणी तशी त्यांची सान्झू. ज्या पोराकडे कधीच पैसे नसतात त्याच्या मांजराचं नाव नदीचं भाडं आहे. हे सगळं गोष्टीत कुणी लेक्चर देऊन सांगत नाही, ज्याला कळलं त्याला कळलं, ज्याला नाही कळलं तो पण हसून पुढे जातो. बाईंना मी हेच विचारीन, आपण वर्गात शब्दाच्या पोटातला अर्थ शोधायला शिकवतो, मग तो इथे आहे तर याला टाईमपास का म्हणायचं?

रिन्नेची गरिबी हा या मंगाचा निम्मा विनोद आहे आणि मला त्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय. त्याच्या अंगात माणसाचं रक्त आहे, आजी शिनिगामी आणि आजोबा माणूस, त्यामुळे त्याला बऱ्याच कामांना यमलोकातली हत्यारं विकत घ्यावी लागतात आणि प्रत्येक हत्याराची किंमत चौकटीत येनमध्ये लिहिलेली असते. तो भुताशी लढताना डोक्यात हिशेब करतो की हे वापरलं तर रात्रीचं जेवण गेलं. राहतो शाळेच्या बंद पडलेल्या क्लबच्या इमारतीत, फावल्या वेळात कागदी फुलं बनवून चार पैसे मिळवतो, आणि हे सगळं का, तर बाप. साबातो नावाचा हा बाप पोराच्या नावावर कर्ज करून ठेवतो आणि पोरानं साठवलेले पैसे पण उचलून नेतो.

मी पुण्यात शिकायला होते तेव्हा कॉट बेसिसवर राहायचे, एका खोलीत पाचजणी, आणि मी नि माझी रूममेट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मेसचा एक डबा दोघींत खायचो. पोळ्या चार असायच्या, वाटणी सोपी, भात मात्र कमी असायचा, मग जिचा पेपर असेल तिला भात. या गोष्टीवर आम्ही तेव्हा खूप हसायचो आणि ते हसणं खरं होतं. पण बाहेरचं कुणी हसलं असतं तर मेल्यासारखं झालं असतं. ताकाहाशीबाईंना हा फरक कळतो. रिन्ने गरीब आहे म्हणून तो बावळट दाखवलेला नाही, लाचार नाही, चोर तर नाहीच. साकुरा त्याला पैसे देते, खायला देते, पण कीव करून नाही, सहज, जसं आपण शेजारणीच्या हातावर भाजी ठेवतो. बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर येणं म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको, आणि ज्या घरात ते आहे त्या घरातल्या पोराला आपल्यासारखाच एक मुलगा, जो कर्जात आहे आणि तरी रोज कामाला जातो आणि ज्याच्यावर मैत्रिणीचा विश्वास आहे, असा हिरो पुस्तकात मिळाला तर ते लहान नाही. गंभीर पुस्तकात गरीब पोरगा बहुतेक वेळा रडण्यासाठी असतो. इथे तो हसवतो आणि जिंकतो पण.

आता भुतांकडे येते. या मंगातली भुतं बहुतेक करून कुणाचा सूड घ्यायला आलेली नसतात. कुणाला मनातलं सांगायचं राहून गेलं, कुणाचा गैरसमज झाला, कुणाला काहीतरी खायचं होतं, खेळायचं होतं, अशा जातीचं काहीतरी असतं, आणि रिन्ने नि साकुराचं काम असतं ते काय राहिलंय हे शोधून काढणं. बरेचदा त्या भुतालाच आठवत नसतं. मग शोध, मग गोंधळ, मग कळतं की गोष्ट एवढीशी होती, आणि ते भूत चाकाकडे जातं.

आमच्या आजीच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. नदीकाठी सगळे उभे, ऊन चढत होतं, कावळे झाडावर येऊन बसलेले पण खाली कुणी उतरेना. मोठे काका म्हणाले गाय विकणार नाही. नाही. धाकट्या आत्याच्या लग्नाचं मी बघेन. नाही. बापये एकमेकांकडे बघायला लागले, कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "कावळो शिवाक नाय अजून." मग माझी आई पुढे झाली आणि तिनं सांगितलं की खारातल्या आंब्यांची ती मोठी बरणी शेजारच्या काकींना द्यायची कबूल केली होती ना तुम्ही, ती मी आजच नेऊन देते. आणि कावळा उतरला. मी विज्ञान शिकलेली आहे, कावळ्याला भूक लागली असेल नाहीतर माणसं जरा मागे सरकली असतील, मी आज तसंच समजते. पण त्या अर्ध्या तासात घरातला प्रत्येक माणूस एकच विचार करत होता, आजीला नक्की काय हवं होतं? ती जिवंत असताना हा विचार आम्ही किती वेळा केला होता? गाय, जमीन, लग्न असलं मोठं मोठं सगळ्यांना सुचलं आणि बरणी फक्त आईला आठवली, कारण आई तिच्याबरोबर स्वयंपाकघरात होती.

रिन्नेचं प्रत्येक प्रकरण मला त्या बरणीसारखं वाटतं. जे वाचल्यावर पोरं भुताला घाबरायला लागतील असं कमिटीतल्या काकांना वाटतं, ते वाचल्यावर माझी भाची मला काय विचारते माहितीये, "मावशी, पणजीचं काही राहिलं होतं का गं?" बारा वर्षांची मुलगी, जिनं पणजीला फक्त फोटोत बघितलं, ती हे विचारते. मी तिला बरणीची गोष्ट सांगितली.

काकांच्या मुद्द्याला मी टाळणार नाही, कारण तो मुद्दा हलका नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून काम केलं त्यांच्यासमोर भुताचं पुस्तक घेऊन जाताना जबाबदारीनंच गेलं पाहिजे. पण कायद्यात काय आहे ते बघा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी, चटके देणं, हे गुन्हे आहेत. भीती घालून माणसाला लुबाडणं, छळणं, यावर तो कायदा आहे. गोष्ट सांगण्यावर नाही आणि हसण्यावर तर नाहीच.

आमच्याच नात्यातल्या एका घरात पोरगी सारखी आजारी पडायची तेव्हा एका माणसानं येऊन सांगितलं होतं की घरात कुणीतरी अडकलंय. त्यांनी किती पैसे दिले ते मला नंतर कळलं. पैसे जाण्याआधी त्या घरात काय झालं असेल तर आवाज खाली गेला. सगळे कुजबुजत बोलायला लागले, संध्याकाळी मागचं दार लावून घ्यायला लागले, पोरीकडे बघायची नजर बदलली. भोंदूगिरी चालते ती या खाली गेलेल्या आवाजावर. जिथे माणसं मोकळी हसतायत तिथे तो धंदा उभा राहू शकत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण त्याच घरातल्या कॉलेजातल्या मुलानं शेवटी एक दिवस जेवताना त्या माणसाची नक्कल केली आणि पहिल्यांदा सगळे हसले, आणि त्याच आठवड्यात पोरीला तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. अ‍ॅनिमिया निघाला.

आणि रिन्नेमध्ये खलनायक कोण आहे? बाप साबातो आणि त्याची 'दामाशिगामी' कंपनी. 'दामासु' म्हणजे फसवणं, त्यात शिनिगामी मिसळून केलेला शब्द. ही कंपनी ज्यांची वेळ आलेली नाही अशा माणसांना भूल घालून चाकाकडे ओढून नेते, तिला ऑफिस आहे, सेक्रेटरी आहे, तोट्यात पण आहे. म्हणजे परलोकाच्या नावावर माणसं फसवणाऱ्यांचा धंदा कसा चालतो हे पोरांना हसत हसत, पानापानांवर दाखवलंय, आणि समोर जो हिरो आहे तो नैवेद्यात मिळेल तेवढं घेतो आणि कमी पडलं तर खिशातले घालतो. हे वाचलेलं पोर उद्या कुणी म्हणालं की घरात दोष आहे, अमुक हजार द्या, तर निदान विचारेल तरी, कशाचे? हो, गोष्टीत भुतं खरी असतात, हे मान्यच आहे. पण आपल्या गोष्टींत कोल्हा बोलतो म्हणून कुठलं पोर रानात कोल्ह्याशी गप्पा मारायला गेलंय? आठ-नऊ वर्षांच्या पोराला गोष्ट आणि घर यातला फरक कळतो, आपण त्याच्यावर तेवढा विश्वास टाकायला पाहिजे.

जपानमध्ये पण हा वाद झालाय बरं का. शिगेरू मिझुकी म्हणून मोठे मंगाकार होते, दुसऱ्या महायुद्धात पापुआ न्यू गिनीतल्या राबाउलला त्यांचा डावा हात गेला, परत आल्यावर एका हातानं चित्रं काढत त्यांनी गावागावातल्या भुताखेतांना, तिकडे योकाई म्हणतात, पोरांचे सोबती करून टाकलं. त्यांच्या कितारो नावाच्या भूत-पोराच्या गोष्टी १९६८ ला टीव्हीवर आल्या तेव्हा नावातला 'स्मशान' शब्द काढावा लागला होता. आज साकाइमिनातो या त्यांच्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच योकाईंचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि लोक पोरांना घेऊन ते बघायला जातात. ज्या माणसानं युद्धात एवढं मरण बघितलं त्याला पोरांसाठी हसणारी भुतं काढावीशी वाटली, यावर मी पुष्कळ विचार केलाय.

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत. आमच्याकडे दशावतारी नाटकाआधी आडदशावतार होतो, त्यात संकासुर येतो, काळा वेष, तो वेद पळवून नेलेला राक्षस, आणि तो मालवणीत असं काही बोलतो की मांडवाखाली बसलेली म्हातारी माणसं डोळे पुसत हसतात. मी पाच वर्षांची असताना त्याला बघून आईच्या पदरात शिरले होते, आणि मग सगळे हसतायत बघून एक डोळा बाहेर काढला, मग दुसरा. शेवटी मी पुढच्या रांगेत जाऊन बसले. देवळाच्या आवारात, देवासमोर हे चालतं, शेकडो लोकांसमोर, आणि काका स्वतः दरवर्षी पहिल्या रांगेत असतात. भीतीतून हसण्याकडे यायचा तो रस्ता आपल्या गावाला चांगला माहीत आहे. पोरांना तोच रस्ता पुस्तकातून मिळत असेल तर अडवायचं कशाला?

या मंगात सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. चाळीस खंड जास्त होतात. मधल्या दहा-पंधरा खंडांत तोच साचा परत परत येतो, जुमोन्जी नावाचा मुलगा पवित्र राख फेकतो ते विसाव्यांदा तेवढं हसवत नाही, आणि रिन्ने नि साकुराचं एकमेकांबद्दल काय ते इतकं हळू पुढे सरकतं की माझी भाची वैतागून पुढचा खंड मागते. बापानं पोराचे पैसे चोरणं दर वेळी गमतीत जातं, तिथे मला एखादं पान तरी थांबायला हवं होतं असं वाटतं, कारण ती गोष्ट गमतीची नाही. हे मी कमिटीत पण सांगितलं होतं.

पण हलकेपणाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. साकुराचा चेहरा बघा. समोर केवढंही भूत येऊ दे, बाकीचे सगळे उडालेले असतात, ताकाहाशीबाईंची ती ठरलेली पोझ, अंग तिरकं, हाताची मधली दोन बोटं मुडपलेली, आणि या सगळ्या धुरळ्यात साकुरा शांत उभी, फार तर एखादा प्रश्न विचारते, "म्हणजे तुमचं नक्की काय राहिलंय?" तिला भुतं लहानपणापासून दिसतात, तिनं त्याची सवय करून घेतलीये, ना ती घाबरते ना कुणाला तोरा दाखवते. माझ्या भाचीचे आजोबा गेले तेव्हा ती पहिले काही दिवस त्यांच्या खोलीतच जात नव्हती, आम्ही जबरदस्ती केली नाही. एका दुपारी ती आपली आपण आत जाऊन त्यांच्या खुर्चीत बसली, पाय वर घेऊन, आणि तिथेच रिन्नेचा दुसरा खंड वाचत होती, मध्येच फिसकन हसली. मी दारातून बघितलं आणि तशीच मागे फिरले. मृत्यूवर जाड जाड पुस्तकं आहेत, मी पण वाचलीत त्यातली काही, पण त्या दुपारी ती मुलगी त्या खोलीत बसू शकली ते एका हलक्याफुलक्या पुस्तकाला सोबत घेऊन.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावागावातली वाचनालयं लोकांच्या पैशावर चालतात, आणि आमच्या बालविभागात गेल्या कित्येक वर्षांत चरित्रं आणि बोधकथा सोडून फारसं नवीन आलेलं नाही. कपाट स्वच्छ असतं, पुस्तकांची पानं कोरी करकरीत असतात, कारण कुणी नेतच नाही. मी दिलेले तीन खंड सध्या ग्रंथपाल दादांच्या टेबलाच्या खणात आहेत. त्यांनी रजिस्टरला नोंद करायला घेतली तेव्हा मला विचारलं, "ताई, प्रकार काय लिहू, विनोदी, भयकथा का बालसाहित्य?" मी म्हटलं विनोदी लिहा. त्यांनी पेन्सिलनं लिहून ठेवलंय, पेनानं लिहायचं कमिटीच्या मीटिंगनंतर. मीटिंग येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, आणि भाची म्हणतेय मी पण येते, मला काकांना त्या पेटीचं पान दाखवायचंय.